मांड्या मिटायचं-उघडायचं मशीन: कामाचं की नुसतं जागा अडवणारं?

वजनदार:
जिममध्ये बसून मांड्या मिटायचं एक मशीन असतं आणि उघडायचं एक. अ‍ॅडक्टर आणि अ‍ॅबडक्टर. माझं मत स्पष्ट आहे, धडधाकट माणसाने दोन्हींवर वेळ घालवू नये. निम्मी गर्दी तिथे बसते ती आतल्या मांडीची चरबी जावी म्हणून. ती तशी जात नाही. चरबी कुठून आधी उतरणार हे शरीर ठरवतं, आपण कुठला स्नायू हलवतो त्यावर ते अवलंबून नाही. ताकद हवी असेल तर पूर्ण खाली जाऊन स्क्वॉट (उठाबशा) मारा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) मारा.

चिवट:
चरबीचं शंभर टक्के मान्य. पण म्हणून मशीन निकामी कसं? क्रंचेसने पोट उतरत नाही, तरी पोटाचे स्नायू बळकट होतातच ना? धावताना झटकन दिशा बदलणाऱ्यांना विचारा जांघ भरून आली की काय होतं ते. नॉर्वेत फुटबॉल संघांवर झालेल्या प्रयोगात (२०१९) अ‍ॅडक्टरचा, म्हणजे आतल्या मांडीच्या स्नायूंचा, एकच व्यायाम नेमाने करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी निघाला.

वजनदार:
अहो, तो व्यायाम मशीनवरचा नव्हताच! कोपनहेगन म्हणतात त्याला. कुशीवर आडवं व्हायचं, वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि त्या पायाच्या जोरावर अंग उचलायचं. मशीनशिवाय भागतं हे तुम्हीच सिद्ध केलंत. आणि २०१९ चाच जपानमधला प्रयोग घ्या: १० आठवडे पूर्ण स्क्वॉट मारणाऱ्यांचे अ‍ॅडक्टर ६.२ टक्के वाढले, अर्ध्यावर थांबणाऱ्यांचे २.७ टक्के.

चिवट:
बरं, पण नवख्या माणसाला कोपनहेगन झेपतो का? अर्ध्या अंगाचा भार एकदम जांघेवर येतो. मशीनवर सगळ्यात हलक्या प्लेटपासून सुरुवात करता येते, पुढे एकेक वाढवत जायचं. शिवाय स्क्वॉटमध्ये राबतो तो मुख्यतः अ‍ॅडक्टर मॅग्नस, कारण खालून वर येताना तो नितंबाच्या स्नायूंना हात देतो. आतल्या मांडीत तेवढा एकच स्नायू नाही.

गुडघेवाली:
तुम्ही दोघं आतल्याच मांडीवर भांडताय. उघडायचं मशीन 'बाहेरची मांडी' घडवतं असं सगळे समजतात, पण तिथे राबतो तो ग्लुटियस मीडियस, खुब्याच्या बाजूचा. एका पायावर उभं राहिलं की कंबर पलीकडे कलू न देणं हे त्याचं काम. आरशासमोर एका पायावर उभे राहा आणि पँटचा पट्टा बघा. उचललेल्या पायाच्या बाजूला तो खाली कलला, तर समजा हा स्नायू कमी पडतोय. माझा गुडघा स्क्वॉटला साफ नकार द्यायचा, तेव्हा फिजिओने याच मशीनवर बसवलं होतं. फायदा झाला.

वजनदार:
ताई, दुखणं असेल तर गोष्ट वेगळी, मी धडधाकट माणसाचं बोलतोय. आणि एका पायावर तोल सांभाळायचा तर सराव उभ्यानेच हवा. पायांना रबरी बँड अडकवून बाजूला पावलं टाकत चाला.

खवचट:
मशीन बिचारं निर्दोष आहे. आमच्याकडे एक महाशय सगळ्या प्लेटा लावतात, बूड उचलून झटका देतात आणि पाय सोडून देतात. धाडकन! पायांमधलं अंतर ठरवायचा एक खटका असतो, तो आजवर कोणी हलवलेला पाहिला नाही. मिटायच्या मशीनवर पहिल्याच दिवशी तो पार रुंद ठेवला की जांघ ताणली गेलीच समजा. आरामात बसता येईल एवढंच अंतर ठेवा, परत येताना वजन रोखत या, १२-१५ वेळा. आणि हातातला मोबाइल खाली ठेवा, मागे माणसं ताटकळतात.

चिवट:
खवचटरावांशी सहमत. एक भर घालतो: हे सगळं स्क्वॉटनंतर. आधीच अ‍ॅडक्टर दमवलेत तर खालून उठताना तेच दगा देतात.

वजनदार:
म्हणजे स्क्वॉट आधी. मी वेगळं काय म्हणत होतो?

चिवट:
तुम्ही 'वेळ घालवू नये' म्हणत होतात. वर जाऊन वाचा.