मदत हवी आहे: दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी सायन्स?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला दहावीला ७८ टक्के पडलेत, मराठी माध्यम, बार्शीजवळचं खेडं. घरचे म्हणतात अकरावी सायन्स घे, नीटची तयारी कर. तिला मात्र डॉक्टर व्हायचंच नाही. मागे विहिरीवरची मोटार बंद पडली, तेव्हा मेन स्विच पाडून तिनं स्टार्टरचं झाकण उघडलं आणि काळा पडलेला कॉन्टॅक्ट बरोबर दाखवला. वायरमन बघतच राहिला! अशा पोरीला जीवशास्त्र घोकायला लावणं मला पटत नाही.

३ वर्षांचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे मला माहीत आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड २ वर्षांचा, त्यानंतरही डिप्लोमाला जाता येतं. माझी खरी अडचण पुढची आहे. डिप्लोमाहून आलेल्या मुलांना डिग्रीचं गणित जड जातं का? सगळं एकदम इंग्रजीत सुरू झाल्यावर तुम्ही पहिलं सेमिस्टर कसं काढलंत? आणि इलेक्ट्रिकल केलेल्या मुलींना कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर काम देतात, की ऑफिसातच बसवतात?

या वाटेनं गेलेल्या एखाद्या ताईनं तिच्याशी दहा मिनिटं फोनवर बोललं तर फार उपकार होतील. फॉर्म भरायला थोडेच दिवस उरलेत.