पत्रिकेतून थोरल्या दिरांचं नाव गाळावं का?

इंदूरची_आई:
नोव्हेंबरात मुलीचं लग्न आहे, व्हाइट चर्चमध्ये. पत्रिका उद्या छापायला द्यायची आहे. थोरले दीर परदेशीपुऱ्यात राहतात. सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. गेल्या नाताळात मी करंज्यांचा डबा घेऊन गेले. जाऊबाईंनी दार किलकिलं केलं, तर दीर आतून ओरडले, "घेऊ नकोस!" साखळीच्या फटीतून डबा परत माझ्या हातात आला. रिक्षात तो इतका घट्ट धरला होता की कडेचा वळ बोटांवर उठला.

निमंत्रकांत पहिलं नाव त्यांचंच येतं. गाळलं तर सगळ्या नात्यात दिसेल, आणि खरं सांगते, मला तेच हवंय. सगळे म्हणतात, दुसरा गाल पुढे करा. पण त्यातून पत्रिकेचं काय करायचं ते समजत नाही.

संडेस्कूल_शिक्षक:
ताई, बायबलमधलं लूक ९:५१-५६ काढून वाचा. येशू यहुद्यांच्या यरुशलेमेला निघालाय म्हणून, यहुद्यांशी वैर असलेल्या शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला उतरू दिलं नाही. तुमच्यासारखंच, दारातून परत. त्याचे शिष्य याकोब आणि योहान भडकले. आकाशातून अग्नी पाडू का, म्हणाले. याच प्रांतात एलीया संदेष्ट्याने अग्नी मागवल्याची गोष्ट त्यांना पाठ असणार (२ राजे १). येशूने वळून त्या दोघांनाच धमकावलं. गावाला एक शब्द नाही. मग ते दुसऱ्या गावी गेले.

पुढचं मला फार आवडतं. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शोमरोनी लोकांनी देवाचं वचन स्वीकारलं, तेव्हा पेत्राबरोबर कोण गेलं? हाच योहान! अग्नी मागणाऱ्याने त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. परतताना शोमरोनातल्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली. त्या दिवशी गाव जळलं असतं, तर तो कुणाकडे जाणार होता?

नाव गाळणं हा तुमचा अग्नी आहे. नाव राहू द्या.

खंडवा_रोड:
सरांचं पटतं, पण ताईंनी पुन्हा त्या दारात जायलाच हवं, असं कुणी म्हणू नये. अपमान माझ्याही वाट्याला आलाय. रोमकरांस १२:१८ मध्ये 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' असे दोन्ही शब्द आहेत. मत्तय १०:१४ मध्ये, जिथे स्वीकारत नाहीत तिथून पायांची धूळ झटकून निघायलाही सांगितलंय. घराच्या वाटणीचं जे कायद्याने व्हायचं ते होऊ द्या, हक्क सोडू नका.

संडेस्कूल_शिक्षक:
बरोबर. फक्त लूक १०:११ मध्ये धूळ झटकतानाही त्या गावाला सांगायचंच आहे, देवाचं राज्य जवळ आलंय. निरोप द्यायचा आणि निघायचं.

इंदूरची_आई:
रात्री दोनदा वाचलं. नाव पहिलंच ठेवलंय, प्रेसवाल्यांना सकाळी फायनल कळवलं. पत्रिका द्यायला मुलगी आणि तिचा भाऊ वर जातील. मी खाली रिक्षात थांबेन. बोलावलं तर जिना चढेन.