लॉर्ड चार्लमाँट : आयर्लंडच्या हक्कांचा कैवारी कॅथलिकांच्या मताधिकाराआड का आला?

प्रश्न – जुनी_पाने
चार्लमाँटचे पहिले अर्ल जेम्स कॉलफील्ड (१७२८–१७९९) यांच्याविषयी वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. १७८२ मध्ये आयरिश संसदेला कायदे करण्याची स्वायत्तता मिळाली, ती ज्या सशस्त्र स्वयंसेवक दलांच्या दबावामुळे, त्यांचे सरसेनापती हेच. मग बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना मत देण्याचा विषय निघताच हे गृहस्थ मागे का सरले?

उत्तर – दप्तरदार
आपल्याला जी विसंगती वाटते, ती त्यांना स्वतःला मुळीच वाटत नसावी. त्यांच्या लेखी ‘आयरिश राष्ट्र’ म्हणजे मुख्यतः प्रॉटेस्टंट जमीनदारांचे राष्ट्र. लंडनने त्याच्यावर कुरघोडी करू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. दलेही १७७८ च्या सुमारास उभी राहिली ती ब्रिटिश सैन्य अमेरिकेतील युद्धात गुंतल्यामुळे किनारा उघडा पडला म्हणून, समाजाची घडी बदलावी म्हणून नव्हे. नोव्हेंबर १७८३ मध्ये डब्लिनच्या रोटंडा सभागृहात दलांचे अधिवेशन भरले, तेव्हा डेरीचे प्रॉटेस्टंट बिशप हर्वी कॅथलिकांना मताधिकार द्यावा म्हणून हटून बसले होते आणि अध्यक्षपदी असलेल्या चार्लमाँट यांनी तो विषय बाजूला सारला. पुढे खासदार हेन्री फ्लड यांनी मांडलेली संसदीय निवडणुकीतील सुधारणा संसदेने फेटाळली, तेव्हा हाताशी सशस्त्र दले असूनही चार्लमाँट यांनी अधिवेशन गुपचूप आटोपते घेतले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत बोलका प्रसंग आहे.

उत्तर – खांब_आणि_कमानी
थोडे विषयांतर करतो. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे ते इटली, ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त असे फिरले आणि परतल्यावर डब्लिनजवळच्या मरिनो येथे त्यांनी वास्तुविशारद विल्यम चेंबर्स यांच्या आराखड्यावरून ‘कॅसिनो’ बांधवले. (जुगाराशी संबंध नाही, इटालियनमध्ये याचा अर्थ छोटे घर.) बाहेरून एकाच दालनाचे ग्रीक देऊळ भासणाऱ्या या वास्तूत तीन मजल्यांवर सोळा खोल्या आहेत. छपरावरच्या कलशांत धुराडी दडवली आहेत आणि काही खांब आतून पोकळ ठेवून त्यांतून पावसाचे पाणी खाली उतरवले आहे. अशा हौसेपायी त्यांनी अफाट पैसा ओतला. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल आयरिश अकादमीचे पहिले अध्यक्षही तेच.

उत्तर – जुनी_पाने
दप्तरदार, आपला मुद्दा पटला. पण मग आयरिश संसदेतील पुढारी हेन्री ग्रॅटन यांचे काय? ते तर कॅथलिकांच्या बाजूचे होते.

उत्तर – दप्तरदार
ग्रॅटन यांना १७७५ मध्ये संसदेत आणले चार्लमाँट यांनीच. चार्लमाँट यांचे धाकटे भाऊ समुद्रप्रवासात बुडून वारले आणि चार्लमाँट या गावची जागा रिकामी झाली; मतदारसंघ घरचाच, त्यामुळे नाव सुचवले की काम झाले. पुढे कॅथलिकांच्या प्रश्नावर दोघांचे जमले नाही, तरी आयर्लंडच्या ब्रिटनशी विलीनीकरणाला विरोध करण्यात दोघे एकच होते. चार्लमाँट ऑगस्ट १७९९ मध्ये वारले आणि विलीनीकरणाचा कायदा संमत झाला तो १८०० मध्ये.