कवळीखालचा टाळू लाल, औषध थांबवलं की पुन्हा तेच

नाशिकची सून: सासूबाईंची वरची कवळी बरीच जुनी आहे. कवळी बसते तेवढाच टाळू लालभडक होतो, दुखत काही नाही. डेंटिस्टनी बुरशी सांगून क्लोट्रिमॅझोल लावायला दिलं. लावतोय तोवर छान, थांबवलं की आठवड्यात जैसे थे. कवळी त्या रोज टूथपेस्टने घासतात, पण रात्री काढत नाहीत. "बोळकं तोंड घेऊन झोपू का?" म्हणतात. मेलेली बुरशी परत येते कुठून?

काचपट्टी: येते कुठली, ती कवळीतच मुक्कामाला आहे. औषध टाळूला लावलंत, कवळीला काय लावलंत?

लॅबमध्ये होतो तेव्हा अशा कवळ्यांची टाळूकडची बाजू पुसून काचपट्टीवर ग्रॅम रंग (सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावेत म्हणून द्यायचा रंग) द्यायचो. कँडिडाच्या, म्हणजे याच बुरशीच्या, जांभळ्या लंबगोल पेशी, त्यांना फुटलेले लांब धागे आणि धाग्यांना लगडलेल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या बारीक माळा. धाग्यांवर एएलएस-3 नावाचं प्रथिन असतं, स्ट्रेप्टोकोकस गॉर्डोनाय नेमका तेच धरतो. साखर खाऊन तो लॅक्टिक आम्ल सोडतो, ते कँडिडाला चालतं. कँडिडा ऑक्सिजन संपवते, म्हणून हवा न सोसणारे जिवाणूही कवळीवर जमलेल्या त्यांच्या थरात टिकतात. शिवाय कँडिडाचं बीटा-ग्लुकन (साखरेच्या कणांची लांब साखळी) बुरशीवरचं औषध अडवून धरतं. स्टॅफिलोकोकस या जिवाणूला तर ते व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकपासूनही वाचवतं, म्हणजे फुकटचं संरक्षण.

सगळेच जिवाणू असे गोडीने राहत नाहीत हं. स्यूडोमोनास एरुजिनोसा कँडिडाच्या धाग्यांवर बसून त्यांना मारतो, त्या लंबगोल पेशींच्या मात्र वाटेला जात नाही. हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. मला आजही त्याची गंमत वाटते.

दातवाली: टूथपेस्ट आधी बंद करा. कवळीच्या अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि हा थर तिथेच धरतो. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. उकळत्या पाण्यात घालू नका, कवळी वाकते. रात्री काढून ठेवायलाच हवी, त्याला पर्याय नाही. कवळी सैल झाली असेल तर नवीन करा. रक्तातली साखर तपासली का? ती वाढली की बुरशीचं फावतं. आणि रक्त पातळ करायला वॉर्फरिन चालू असेल तर कुणाच्या सांगण्यावरून बुरशीवरचं मायकोनॅझोल जेल आणू नका, तोंडात लावलं तरी रक्तस्राव होऊ शकतो.

नाशिकची सून: वॉर्फरिन चालू आहे! मेडिकलवाला जेलच देत होता. साखर उद्याच तपासते. रात्री कवळी काढायचं मात्र डॉक्टरांच्याच तोंडून सांगायला लावते, माझं ऐकणार नाहीत.