मदत हवी आहे: स्थलांतरावरचा जाहीर कार्यक्रम लोकांना आपला कसा वाटेल?

नमस्कार मंडळी, मी विद्यापीठात स्थलांतर आणि सामाजिक विषमता यावर पीएचडी करतेय आणि १८ डिसेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिनाला, आमच्या विभागाचा जाहीर कार्यक्रम आहे, त्याची जबाबदारी माझ्याकडे आलीये.

मागच्या वेळी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या कामगारांनाही बोलावलं होतं. एक ताई शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या, स्क्रीनवर गिनी गुणांकाचा, म्हणजे उत्पन्नातली विषमता मोजणाऱ्या आकड्याचा, आलेख आला तेव्हा त्यांनी लेकीला हळूच विचारलं, "यात आपण कुठंय गं?" ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये ३०.४ कोटी लोक आपला जन्मदेश सोडून राहत होते, देशातल्या देशात फिरणारे तर त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेक लोक जवळच्या जवळच जातात हे रेव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्येच मांडलं होतं. पण हे सगळं भाषणात सांगून काय होणार?

तर कोणी असे कार्यक्रम केलेत का? कामगारांनाच मंचावर बसवावं का, की त्यांना अवघडल्यासारखं होईल? बुडालेल्या रोजाचे पैसे द्यायचे तर विद्यापीठाकडून ते कोणत्या नावाखाली मंजूर होतात? आणि फोटोची परवानगी कशी घेता? प्लीज अनुभव सांगा, खरंच गरज आहे.