शिलारस प्लेट्सना ढकलतो, की प्लेट्स फाकतात म्हणून शिलारस येतो?

खडकफोड्या
भूगोलाच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतंय? समुद्राच्या मधोमध भेग, खालून लालभडक शिलारस वर येतोय आणि दोन्हीकडे दोन बाण. बघणाऱ्याची पक्की समजूत होते की शिलारस मुसंडी मारून प्लेट्सना, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाहेरच्या थराच्या प्रचंड तुकड्यांना, दूर लोटतो. माझ्या मते हे साफ उलटं आहे. प्लेट्स आधी दुरावतात, शिलारस मागाहून येतो.

खडक वितळायला दर वेळी तापवावा लागत नाही. प्रावरणातला खडक भयंकर गरम असूनही घन राहतो, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. वर प्लेट्स फाकल्या की तो जागा भरायला वर सरकतो, दाब उतरतो आणि जास्तीची उष्णता न मिळताही त्याचा थोडा भाग वितळतो. प्लेट्स फाकतात तिथे उभ्या असलेल्या, सुमारे ६५,००० किमी लांबीच्या जलमग्न पर्वतरांगेवर हेच चाललेलं असतं.

मग ओढतं कोण? दुसऱ्या टोकाला गर्तेत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल चरात, बुडणारी प्लेटचीच जुनी, थंड, जड कड. अर्धी चादर खाटेवरून लोंबली की उरलेलीही घेऊन जाते, तसं. १९७५ मध्ये फोर्साइथ आणि उयेदा या भूशास्त्रज्ञांनी प्लेट्सचे वेग आणि त्यांच्या कडा ताडून पाहिल्या. ज्यांच्या कडांचा मोठा भाग गर्तेत बुडतोय, त्याच प्लेट्स वेगवान निघाल्या.

शंकासुर
मग अटलांटिकला कोण ओढतंय? कॅरिबियन आणि दक्षिणेकडची स्कोशियाची कमान सोडली, तर त्याच्या काठांना बुडणारी कडच नाही. तरी तो वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर रुंदावतोच आहे. लोंबणारं टोक नसताना चादर घसरते कशी?

खडकफोड्या
रास्त प्रश्न. पण वेग बघा ना. अटलांटिक नखं वाढावीत तसा रेंगाळतोय, आणि पॅसिफिक प्लेट वर्षाला सात ते दहा सेंटीमीटर पळतेय. अटलांटिकमध्ये उताराचा हातभार आहे. पर्वतरांगेचा माथा पाण्याखाली साधारण अडीच किमीवर, तर जुना तळ साडेपाच-सहा किमीवर. थंड होत जड झालेली प्लेट त्या उतारावरून घसरते. याला 'रिज पुश' म्हणतात. नाव फसवं आहे, काम गुरुत्वाकर्षणाचं.

शंकासुर
आणि तो उतार आला कुठून? माथा गरम आहे म्हणूनच तो उंच आहे ना? म्हणजे खालची उष्णता तुम्ही मागच्या दाराने आत घेतलीत.

शिवाय शिलारस इतका बापडाही नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किमीवर अ‍ॅक्सियल नावाचा ज्वालामुखी आहे, अगदी तुमच्या त्या रांगेवरच. १९९८, २०११ आणि २०१५ मध्ये त्याचा उद्रेक झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खाली शिलारस साठतो आणि तळ हळूहळू वर फुगतो. पाण्याच्या दाबावर चालणारी उपकरणं हा फुगवटा मोजतात. त्यावरूनच चॅडविक आणि नूनर या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये उद्रेक होईल असं आधी सांगितलं होतं. तो झाला, आणि तळ सुमारे अडीच मीटर खाली बसला. दीड किमी पाण्याखालचा अख्खा तळ उचलणाऱ्याला तुम्ही मागाहून येणारा पाहुणा म्हणताय!

खडकफोड्या
घराचा मजला उचलणं वेगळं आणि गाव हलवणं वेगळं.

भरतीओहोटी
हवाई विसरलात दोघेही. प्लेटच्या ऐन मध्यावर, जवळची कड हजारो किमी दूर. तिथे काय फाकतंय? कामाएहुआकानालोआ (जुनं नाव लोइही) या तिथल्या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा माथा अजून सुमारे ९७५ मीटर पाण्याखाली आहे. १९९६ मध्ये तिथे ४,००० च्या वर भूकंप झाले आणि माथ्याचा एक भाग खचून खड्डा पडला. खोलवरून गरम खडकाचा खांब वर येतो आणि प्लेट त्यावरून सरकत जाते, म्हणून बेटांची माळ होते. भूशास्त्रज्ञ विल्सनने १९६३ मध्ये मांडलेली कल्पना अजून टिकून आहे.

गर्तावासी
टिकलीय, पण जशीच्या तशी नाही. हवाईच्या माळेचंच पुढचं टोक, म्हणजे एम्परर सागरी पर्वत. तिथे भोकं पाडून खडकांतली चुंबकीय दिशा तपासली, तेव्हा जुने पर्वत आजच्या हवाईपेक्षा बरेच उत्तरेला तयार झाल्याचं दिसलं. म्हणजे तो 'स्थिर' तप्तबिंदू, म्हणजे खांब वर येतो ती जागा, स्वतःच दक्षिणेला सरकत होता.

आणि प्लेटच्या मधोमधचा प्रत्येक ज्वालामुखी खांबावरच उभा असतो असंही नाही. जपानजवळ पॅसिफिक प्लेट गर्तेत शिरण्याआधी वाकते, तडकते, आणि त्या तड्यांतून चिमुकले ज्वालामुखी वर येतात. त्यांना 'पेटिट-स्पॉट' म्हणतात. शास्त्रज्ञांनी ते २००६ मध्ये जगासमोर मांडले. खाली खांब नाही, वर भेग आहे. एवढ्यापुरता मी खडकफोड्यांच्या बाजूने.

ओलीकोरडी
कोरड्या खडकावरच भांडा! पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांखाली खडक वितळण्याचं कारण पाणी आहे. बुडणारी प्लेट खनिजांत अडकलेलं पाणी खाली नेते, ते वरच्या गरम खडकात मुरतं आणि त्याचा द्रवणांक उतरतो. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई फुटला तेव्हा राखेचा स्तंभ सुमारे ५७ किमी उंच गेला. आधी दीडशे मीटर खोल असलेला काहिलीसारखा खळगा साडेआठशे मीटरपर्यंत खचला. समुद्राखालची केबल तुटली आणि देशाचा मुख्य भाग जवळपास पाच आठवडे जगापासून तुटल्यातच जमा होता.

खडकफोड्या
पण ताई, ते पाणी खाली नेलं कोणी? बुडणाऱ्या प्लेटनेच ना.

ओलीकोरडी
नेलं, हो. पण तुमच्या मूळ लेखात पाण्याचा 'प'ही नव्हता.

शंकासुर
मग हे सांगा. आफ्रिका आणि मादागास्करच्या मधल्या मायोत बेटाजवळ २०१८ मध्ये भूकंपांची माळ लागली, आणि मे २०१९ मध्ये साडेतीन किमी खोल तळावर ८२० मीटर उंचीचा नवाकोरा ज्वालामुखी सापडला, फानी माओरे. बुडणारी कड जवळ नाही, मोठी जलमग्न पर्वतरांगही नाही. याला कोण ओढतंय?

खडकफोड्या
पूर्व आफ्रिका फाटतेय, तो ताण समुद्रात तिथवर पोचतो असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यांतलाच. पण इतका शिलारस एवढ्या झटक्यात का आला, याचं उत्तर नुसत्या ताणातून मला काढता येत नाही. इथे एक गुण तुमचा.