काळं कुत्रं तापट असतं, हे खरंच का?

सुदामानगरकर
आमच्या गल्लीतल्या कुत्रीला थंडीत पिल्लं झाली. तांबूस पिल्लं लोकांनी हौसेनं नेली, काळी दोन उरली. ज्याला विचारावं तो म्हणतो, "काळं नको, मोठं झालं की तापट निघतं." शनिवारी याच घरांतून काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली पोळी मिळते, भैरवाचं वाहन म्हणून हात जोडले जातात. फाटकाच्या आत मात्र घ्यायचं नाही! माझं मत स्पष्ट आहे: रंगाचा स्वभावाशी काहीएक संबंध नाही. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाला माणसांचा हात लागला की दगड, यावर बरंच ठरतं.

रामबागवाली
दादा, "काहीएक संबंध नाही" हे टोकाचं झालं. इंग्लिश कॉकर स्पॅनियल या जातीच्या कुत्र्यांवर ब्रिटन आणि स्पेनमध्ये अभ्यास झालेत. एकरंगी कॉकर पांढऱ्या ठिगळांच्या कॉकरपेक्षा जास्त आक्रमक आढळले, आणि स्पेनमध्ये त्यातही सोनेरी पुढे होते, काळे नव्हेत. ब्रिटनमधल्या २०१४ च्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्राडॉर काळ्यांपेक्षा शिकवायला अवघड ठरले. म्हणजे काळ्यावरचा आळ खोटा, पण रंग आणि स्वभाव यांचं नातं काही जातींत दिसतं.

सुदामानगरकर
ते नातं केसांचं नाही, वंशावळीचं आहे. शिकारीला नेणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या कह्यात राहणारे लॅब्राडॉर निवडले, त्यांत काळे जास्त. चॉकलेटी बरेचसे घरात पाळायला आणि प्रदर्शनाला. त्याच ब्रिटिश अभ्यासात कामाचा कुत्रा आणि घरचा कुत्रा यांच्या स्वभावातही फरक दिसला होता. आणि २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, तेव्हा एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे निघाला. जातीची ही कथा, तर गल्लीतल्या पिल्लाच्या रंगावरून काय कळणार?

मल्हारगंजकर
उलटीकडून बघा. रशियात नोव्होसिबिर्स्कजवळ बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी १९५९ पासून रुपेरी कोल्ह्यांतले फक्त माणसाला न बिचकणारे निवडले, त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांत कपाळावर पांढरा ठिपका, लोंबते कान, वळलेली शेपूट दिसायला लागली. रंगाला कुणी हातही लावला नव्हता. स्वभाव निवडला आणि रंग मागून आला.

रामबागवाली
त्यावर आक्षेप आहे, भाऊ. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्या कोल्ह्यांचे पूर्वज कॅनडातल्या फर-फार्मवरचे, म्हणजे कातड्यासाठी पाळलेले होते आणि असे ठिपके तिथं आधीही होते. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. अगदी पांढऱ्या कुत्र्यांत काही जन्मतः बहिरी असतात, कारण रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानालाही लागतात. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या डाल्मेशियन जातीत हे नेहमीचं. आमच्याकडे असंच एक पांढरं पिल्लू होतं. मागून हात लावला की चावायचं. पाठीमागे ताटली आपटली तर कान हलला नाही, तेव्हा कळलं. त्याला सगळे दुष्ट म्हणत होते.

सुदामानगरकर
हे मात्र मान्य. पण तो दोष कानाचा, आणि त्यावर उपाय आहे: समोरून जा, हातानं खूण करा. काळ्या पिल्लांवर काय उपाय करायचा? त्यांना झालंय काय?

रामबागवाली
काही नाही. ती काळी पिल्लं बिनधास्त न्यावीत. पण कुणी सोनेरी कॉकर घेत असेल तर त्याला आई-बाप बघायला मी सांगणारच, आणि रंगही.